नव्व्याण्णव बरण्या मध

एका गावात एक शिंपीण होती. वेणू तिचं नाव. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं शिवणाचं दुकान होतं. कापडाला कात्री लावण्याआधी ती तीनदा माप घ्यायची, खडूने खूण करायची, ती खूण पट्टीने पुन्हा ताडून बघायची आणि मगच कात्री चालवायची. कापड एकदा चुकीचं कापलं गेलं की ते पुन्हा अखंड होत नाही, हे तिच्या आईने तिला लहानपणीच शिकवलं होतं. वीस वर्षांत तिच्या हातून एकही ब्लाऊज बिघडला नव्हता. आसपासच्या गावांतल्या नवऱ्या मुली लग्नाचे ब्लाऊज शिवायला तिच्याकडेच यायच्या.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक होती, कल्याणी. तिचंही लग्न झालं आणि ती लांबच्या गावी नांदायला गेली. जाताना तिने आपला व्हिडिओ गेम आईच्या टीव्हीला जोडून दिला.

"मला कशाला गं हे?" वेणू म्हणाली.

"दुपारी जेवण झालं की तू भिंतीकडे बघत बसशील, मला माहीत आहे. हा रिमोट धर. या बटणाने चालायचं, याने उडी मारायची. बाकी तुला आपोआप कळेल."

गेमचं नाव होतं 'सातखोरी'. त्यात एक वाटसरीण होती. समुद्रावरचा एक दीपस्तंभ विझला होता आणि तो पुन्हा पेटवायला तिला सात खोरी ओलांडून जायचं होतं. वाटेत नद्या, कडे, गुहा आणि अस्वलं. लागलं-खुपलं तर मध खायचा, अंधार आला तर मशाल पेटवायची. एवढंच.

पहिल्या दिवशी वेणू एकाच ओढ्यात अकरा वेळा पडली. अकराव्या वेळेला ती एवढी हसली की तिच्या हातातला रिमोट खाली पडला. संध्याकाळी तिने लेकीला फोन लावला.

"कल्याणी, मी आज कड्यावरून पडले!"

"अगं बाई! कशी?"

"एक निळं फुलपाखरू दिसलं. त्याच्या मागे मागे गेले, आणि खाली कडा!"

त्या दिवसापासून मायलेकींचा नेमच झाला. दुपारी कामातून तासभर काढून वेणू खेळायची आणि संध्याकाळी फोनवर सगळी हकिगत सांगायची. कल्याणी भाजी चिरता चिरता ऐकायची आणि मध्येच "मग? मग काय झालं?" म्हणायची. लेक लांब गेल्याचं वेणूला एवढं जाणवेनासं झालं.

एके दिवशी ती दळण घेऊन गिरणीवर गेली. गिरणीवाला भिकाजी हाही गेमचा मोठा शौकीन. सातखोरी त्याने तीनदा पुरा केला होता.

"कुठवर आलात, वेणूताई?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या खोऱ्यात. काल मला एक खेचर भेटलं."

"ते भेटतंच. पण दुसऱ्या खोऱ्यात पांढऱ्या दगडाखाली चिलखत होतं, ते घेतलंत ना?"

"नाही बाई."

"नाही?" भिकाजीने कपाळावर हात मारला. पिठाचा पांढरा पंजा कपाळावर उमटला. "आणि पहिल्या खोऱ्यातली बारा पाखरं? चाळीस बकऱ्या? अहो, मग तुमचा गेम कधीच शंभर टक्के होणार नाही. वाया गेला म्हणायचा."

'वाया गेला' हे शब्द वेणूच्या जिव्हारी लागले. तिच्या हातून आजवर वीतभर कापड वाया गेलं नव्हतं.

"मग आता काय करायचं?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून सुरू करा. माझ्याकडे गाईड आहे, ते घेऊन जा. कुठे काय आहे, कोणत्या दारात कोण उभं आहे, सगळं लिहिलेलं आहे. चुकायचा प्रश्नच नाही."

वेणूने दळणाच्या डब्यावर गाईड ठेवलं आणि घरी आली. त्याच दुपारी तिने गेम पहिल्यापासून सुरू केला.

आता तिने एक वही केली. गाईड मांडीवर, वही शेजारी, पेन्सिल कानावर. एकेक पाखरू पकडलं की वहीत खूण. प्रत्येक दारासमोर थांबून ती गेम सेव्ह करायची, मग आत जायची. आत जरासं जरी लागलं, तरी लगेच सेव्ह केलेल्या जागी मागे यायची आणि पुन्हा जायची. एकेका दारातून ती सात-सात वेळा गेली. जेव्हा एक ओरखडाही न येता पार पडायची, तेव्हाच पुढे सरकायची.

वाटेत मिळालेला मध तिने एकदाही खाल्ला नाही. मशाली पेटवल्या नाहीत. अंधाऱ्या गुहेत वाटसरीण चाचपडत, भिंतींवर आपटत चालायची, आणि पाठीवरच्या झोळीत साठ मशाली असायच्या. दारांबाहेर, डोंगरात कुठे पाय मोडला, तरी ती लंगडत दोन-दोन डोंगर चढायची. झोळीत मधाच्या नव्व्याण्णव बरण्या झाल्या. त्याहून जास्त त्यात मावतच नव्हत्या.

"अगं आई, मग खा की थोडा मध!" कल्याणी फोनवर म्हणाली.

"पुढे लागला तर?"

"पुढे म्हणजे कधी?"

पुढे म्हणजे पुढे.

हळूहळू फोन आटत गेले. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पडणं नाही, वाट चुकणं नाही, फुलपाखरू नाही. कल्याणीने विचारलं, "आज काय झालं?" तर वेणू म्हणायची, "एकोणऐंशी टक्के." दुसऱ्या आठवड्यात म्हणायची, "चौऱ्याऐंशी." कल्याणी म्हणायची, "बरं." पुढे पुढे कल्याणीने विचारायचं सोडून दिलं. मग आठवड्यातून एकदाच फोन व्हायचा. तब्येत, पाणी, हवा एवढं बोलून तो संपायचा.

चाळीस बकऱ्यांपैकी एकोणचाळीस सापडल्या होत्या. चाळिसावीसाठी वेणू नऊ दुपारी हिंडली. गाईडात लिहिलेल्या जागी ती नव्हती. दहाव्या दुपारी रिमोट हातात घेताना तिला कंटाळ्याने जांभई आली, आणि तिच्या लक्षात आलं, की ब्लाऊजला हुक लावताना सुद्धा तिला इतका कंटाळा येत नाही.

"गेमच भिकार आहे," ती मोठ्याने म्हणाली. तिने सगळ्या वायरी काढल्या, यंत्र एका जुन्या ओढणीत बांधलं आणि तडक गिरणीवर गेली.

"भिकाजीभाऊ, हे ठेवून घ्या. कुणाला हवं असेल तर देऊन टाका. यात काही राम नाही."

"सातखोरीत राम नाही?" भिकाजी चक्की बंद करत म्हणाला. "चाळिसावी बकरी सापडली नसेल, म्हणून चिडलात."

वेणू काही बोलणार, तेवढ्यात गिरणीमागच्या खोलीतून कुणीतरी खो खो हसल्याचा आवाज आला.

"कोण हो?"

"आमची आत्या. पंधरा दिवसांसाठी आली आहे. दिवसभर माझाच गेम घेऊन बसते. खेळता येत नाही तिला. तुम्हीच बघा जाऊन."

वेणू आत गेली. सत्तरीच्या आत्याबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. पडद्यावर तोच सातखोरीचा गेम. पहिलंच खोरं, पहिलाच धबधबा. वाटसरीण धबधब्याखाली पाण्यात गटांगळ्या खात होती.

"ये गं पोरी, बस," आत्याबाई म्हणाल्या. "आत्ताच वरून खाली आले बघ. केवढं उंच आहे ते! चार दिवस झाले, पडतेच आहे मी."

"त्या धबधब्याला डावीकडून वाट आहे, आत्याबाई. गाईडात दिलेली आहे."

"असेल. पण मला वरूनच जायचं आहे."

वाटसरीण पाण्यातून बाहेर आली. समोरच्या झाडीतून एक अस्वल निघालं आणि गुरगुरायला लागलं. वेणूला ते अस्वल चांगलं माहीत होतं. त्याच्या पाठीमागून गुपचूप जायचं, पायाचा आवाज करायचा नाही, मग काही होत नाही. तिने झोळीकडे नजर टाकली. आत्याबाईंकडे मधाच्या दोनच बरण्या होत्या. आत्याबाईंनी त्यातली एक उघडून अस्वलापुढे ठेवली.

"अहो, हे काय करताय?" वेणू ओरडली. "तो मध आपल्याला असतो! लागलं तर खायला!"

"त्यालाही आवडत असेल ना?"

अस्वल बरणीजवळ आलं. त्याने वास घेतला, पंजा आत घातला आणि जमिनीवर बैठक मारून ते मध चाटू लागलं. चाटून झाल्यावर ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि वाटसरणीभोवती गोल गोल नाचायला लागलं. आत्याबाई टाळ्या वाजवायला लागल्या.

वेणू बघतच राहिली. त्या अस्वलाजवळून ती निदान तीस वेळा गेली होती. तिच्या झोळीत नव्व्याण्णव बरण्या होत्या. अस्वल नाचतं, हे तिला आज कळत होतं.

"आत्याबाई, तुमचे किती टक्के झाले?" तिने हळूच विचारलं.

"कशाचे टक्के गं?"

वेणू उठली. बाहेर येऊन तिने ओढणीतलं यंत्र परत उचललं.

"काय हो, ठेवून जाणार होतात ना?" भिकाजी म्हणाला.

"नाही. घेऊन चालले."

घरी येऊन तिने यंत्र पुन्हा जोडलं आणि टीव्हीसमोर बसली. गेम तोच होता. आत्याबाई हसत होत्या आणि ती जांभया देत होती. मग बिघाड गेममध्ये कसा असेल? कापड वाया जाऊ नये म्हणून जपायची सवय तिने दुकानातून उचलून गेममध्ये आणून ठेवली होती. कापड गिऱ्हाइकाचं असतं. ते जपायलाच हवं. पण इथे गिऱ्हाईक कोण होतं? झोळीतला मध कोण मोजून घ्यायला येणार होतं?

रिमोटने ती 'नवा प्रवास' या शब्दांवर गेली. पडद्यावर सूचना आली, 'जुना प्रवास पुसला जाईल.' जुना प्रवास म्हणजे तीन महिने. चौऱ्याऐंशी टक्के. एकोणचाळीस बकऱ्या. तरी तिने बटण दाबलं.

मग तिने मनाशी ठरवलं. गाईड उघडायचं नाही. वही ठेवायची नाही. मध लागेल तेव्हा खायचा, मशाल अंधारात पेटवायची. आणि एकदा पुढे टाकलेलं पाऊल मागे घ्यायचं नाही.

ठरवणं सोपं होतं. दुसऱ्याच दिवशी एका गुहेपाशी दोन वाटा फुटल्या आणि तिचा हात आपसूक गाईडाकडे गेला. पान उघडून डावी वाट बरोबर आहे हे तिने वाचलंसुद्धा. मग तिला स्वतःचाच राग आला. ती मुद्दाम उजव्या वाटेने गेली, तिथे वटवाघळांनी तिला बेजार केलं आणि तिच्या तीन मशाली संपल्या. संध्याकाळी तिने गाईड भिकाजीला परत नेऊन दिलं. वहीची पानं तिने ब्लाऊजच्या गळ्याचे नमुने कापायला घेतली. तरी चौथ्या दिवशी एका दारापुढे तिने सवयीने गेम सेव्ह केलाच. पाचव्या दिवशी नाही केला. सहाव्या दिवशी पुन्हा केला. सवय चिवट होती, पण वेणूही चिवट होती. आठवडाभराने दारं नुसतीच दारं झाली. ढकलायची आणि आत जायचं.

तिसऱ्या खोऱ्यात तिला खेचर भेटलं. मागच्या वेळी ते नुसतं ओझं वाहायचं एक साधन होतं. या वेळी तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचा एक कान दुमडलेला होता. झुलत्या पुलावर ते पाय ठेवायचं नाही, घाबरायचं. गवत दिसलं की हटून बसायचं. वेणू त्याला खाऊ द्यायची. त्याच्यासाठी तिने लांबचे वळसे घेतले आणि त्या वळशांवर तिला कितीतरी नव्या गोष्टी दिसल्या. चौथं खोरं झालं, पाचवं झालं.

सहाव्या खोऱ्यात आडवी नदी आली. वर झुलता पूल होता आणि खाली पायी ओलांडायचा उथळ उतार होता, दगडादगडांतून पाणी वाहत होतं. खेचर पुलाला घाबरतं, म्हणून वेणूने उतार धरला. मध्यावर आल्यावर पाणी एकदम वाढलं. वाटसरीण कशीबशी पैलतीराला लागली. खेचराचा पाय घसरला. त्याचं डोकं दोनदा पाण्यावर आलं आणि मग दिसेनासं झालं.

पडद्यावर अक्षरं उमटली: 'मागच्या काठावर परत जायचं आहे?' खाली दोन शब्द होते, 'हो' आणि 'नाही'.

वेणू रिमोटने 'हो'वर गेली. एक बटण दाबायचं, की खेचर पुन्हा काठावर उभं. मग पुलावरून ओढून न्यायचं. दोन मिनिटांचं काम. चुकीचं कापलेलं कापड अखंड करून मिळतंय, तर नाही कोण म्हणेल?

तिने रिमोट खाली ठेवला. उठून शिलाई मशीनवर जाऊन बसली आणि एका साडीला फॉल लावायला घेतला. फॉल अर्धा झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण रडतो आहोत. एका चित्रातल्या खेचरासाठी. मागच्या वेळी याच नदीवर ती पाच वेळा मागे गेली होती, आणि तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूसही आलं नव्हतं. तेव्हा काही हरवूच शकत नव्हतं. आणि जे हरवू शकत नव्हतं, त्याच्यावर तिचा जीवही जडला नव्हता.

ती परत टीव्हीसमोर आली. प्रश्न अजून तिथेच होता. तिने डोळे पुसले, रिमोट उचलला आणि 'नाही' दाबलं.

पुढची वाट कठीण होती. ओझं वाहायला खेचर नव्हतं, त्यामुळे वरची घाटवाट वाटसरणीला चढवेना. तीनदा प्रयत्न करून वेणूने तो नाद सोडला आणि ती नदीच्या काठाकाठाने खाली सातव्या खोऱ्यात निघाली. जवळचा मध एकेक करून संपत आला. शेवटच्या मशाली चिखलातून वाट काढताना जळून गेल्या. वाटसरीण दमली, लंगडली, पण वेणूने तिला थांबू दिलं नाही. पाच दुपारी ती चालत होती. सहाव्या दुपारी झाडी विरळ झाली आणि खारट वाळू लागली. नदी समुद्राला मिळत होती. तिथे चार झोपड्या होत्या, आणि एक कोळीण जाळं विणत बसली होती.

कोळणीने वाटसरणीकडे पाहिलं. काही न विचारता तिने चुलीवरची पेज वाडग्यात ओतून पुढे केली आणि मग आपली होडी पाण्यात लोटली. वाटसरीण होडीत बसली. होडी जशी आत गेली, तशी मागची सातही खोरी एकामागे एक उभी राहिलेली दिसायला लागली. सगळ्यात मागे, निळसर, तो धबधबा होता. वेणूचे दोन्ही हात रिमोटवर तसेच राहिले. तिने एवढं सगळं पायी ओलांडलं होतं. होडी दीपस्तंभाच्या पायऱ्यांना टेकली. वेणूने वर जाऊन दिवा लावला.

संध्याकाळी तिने कल्याणीला फोन केला.

"बोल आई. तब्येत बरी ना?"

"कल्याणी, माझं खेचर वाहून गेलं."

मग कल्याणी म्हणाली, "काय? कसं? थांब, गॅस बारीक करते."

वेणू बोलत सुटली. दुमडलेला कान, नदी, पेज, होडी, सगळं. खेचराच्या गोष्टीला कल्याणी रडली, आणि वटवाघळांच्या गोष्टीला इतकी हसली की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्याही राहून गेल्या. भाताचा पार लगदा झाला. फोन ठेवायला दोघीही तयार नव्हत्या. शेवटी कल्याणी म्हणाली, "आई, उद्याही कर फोन."

"गेम तर संपला गं."

"संपू दे. तू कर."

दोन दिवसांनी भिकाजी पँट आखूड करून घ्यायला दुकानात आला. बोलता बोलता होडीचा विषय निघाला, तसा तो स्टुलावरून उठलाच.

"होडी? सातखोरीत होडी आहे? मी तीनदा शंभर टक्के केला हो! मला कधी कोळीण दिसली नाही."

"मला दिसली."

भिकाजीने खिशातून पेन काढलं, दुकानातला एक कागद ओढला. "सांगा बघू. नदीपासून कुठे वळलात? किती वेळ चालल्यावर? एकेक सांगा, लिहून घेतो."

वेणूने पँटच्या पायाला टाचण्या लावल्या. मग मान वर करून ती म्हणाली, "नाही सांगणार, भिकाजीभाऊ."

"का? मी तर तुम्हाला अख्खं गाईड दिलं होतं!"

"म्हणूनच."

भिकाजीला राग आला. पेन हातात धरून तो परत स्टुलावर बसला. वेणू टाचण्या लावत राहिली. ती सांगणार नाही हे त्याला कळलं. शेवटी त्याने पेन खिशात ठेवलं.

"बरं, एवढं तरी सांगा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मजा आली का?"

"फार रडले," वेणू म्हणाली. मशीनच्या चाकाला तिने हात लावला, आणि मग हसली. "हो. आली."

तात्पर्य: कामात उपयोगी पडणारी सवय जशीच्या तशी खेळात नेली, तर खेळाचंही काम होऊन बसतं. गेमची गोडी गेली असं वाटलं, तर गेमला नावं ठेवण्याआधी आपण तो कसा खेळतो, हे एकदा पाहावं.